फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅपवरची फसवणूक: सातारा-सांगलीकरांनी काय तपासावं, काय बंद करावं

सातारा-सांगलीत व्यवहार ओळखीवर चालतो. ‘अमक्याचा पाव्हणा आहे’ म्हटलं की निम्मी बोलणी झाल्यात जमा. सोशल मीडियावरचा भामटा हीच ओळख उसनी घेतो. कधी तुमच्या मित्राचा फोटो वापरतो, कधी लष्कराचा गणवेश, कधी सरकारी योजनेचं नाव. म्हणून निरोप ज्या वाटेने आला ती वाट सोडून दुसऱ्या वाटेने खात्री करायची, हे पक्कं धरा. मेसेंजरवर निरोप आला तर त्या माणसाच्या जुन्या नंबरवर फोन करा. बँकेच्या नावाने फोन आला तर तो ठेवा आणि पासबुकावर किंवा कार्डामागे छापलेल्या नंबरवर स्वतः लावा. गुगलवर शोधून मिळालेला ‘कस्टमर केअर’ नंबर मात्र नको, तिथेही खोटे नंबर पेरलेले असतात.

मित्राच्या नावाचं दुसरं खातं

यात हॅकिंग नसतं. तुमचं नाव आणि प्रोफाइल फोटो कुणालाही दिसतो, मित्रयादीही उघडी असते. तो फोटो लावून नवं खातं काढलं जातं आणि यादीतल्या लोकांना पुन्हा रिक्वेस्ट जाते. दोन दिवसांनी ‘जरा अडचण आहे, दहा हजार टाक, सकाळी देतो’ असा मेसेज येतो. विटा, खानापूर, आटपाडी भागातली गलाई (सोनं-चांदी गाळण्याच्या) व्यवसायातली माणसं देशभर विखुरलेली आहेत. त्यामुळे ‘काका परगावी दवाखान्यात आहेत, त्यांचा फोन बंद आहे’ ही थाप इकडे सहज खपते.

मित्रयादी आधी झाका. फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये ‘हाऊ पीपल फाइंड अँड कॉन्टॅक्ट यू’ या भागात मित्रयादी कोणाला दिसावी हे विचारलेलं असतं, तिथे ‘ओन्ली मी’ निवडा. मग प्रोफाइलवरच्या तीन ठिपक्यांतून ‘लॉक प्रोफाइल’ करा. यादीच दिसली नाही तर भामट्याला कोणाला रिक्वेस्ट पाठवायची ते कळत नाही.

खोटं खातं निघालंच तर ‘माझं खातं हॅक झालंय’ अशी पोस्ट टाकून थांबू नका. त्या खात्यावर जाऊन तीन ठिपक्यांतून प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवा, कारण नाव आणि फोटो पाच मिनिटांत बदलता येतात. मग तिथूनच ‘रिपोर्ट’ करा आणि दुसऱ्याची बतावणी करणारं खातं असल्याचं निवडा. मित्रांकडूनही रिपोर्ट करवून घ्या.

गणवेशाची थाप

सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आहे, १९६१ पासूनचं सैनिक स्कूल आहे, घराघरात कोणीतरी फौजेत आहे. इथे ‘मी आर्मीत आहे’ म्हटल्यावर संशय घेणं जिवावर येतं. नेमका त्याचाच फायदा घेतला जातो.

याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात भामटा विकणारा असतो: ‘सीआयएसएफमधल्या माझ्या मित्राची बदली झाली, बुलेट, फ्रीज, सोफा स्वस्तात द्यायचाय.’ दुसऱ्यात तो भाडेकरू किंवा गिऱ्हाईक असतो. तुमची खोली न बघताच पसंत करतो, कँटीन कार्ड आणि आधारचा फोटो पाठवतो, मग सांगतो की लष्कराचं पेमेंट उलटं होतं, आधी तुम्ही रक्कम पाठवा, दुप्पट परत येईल. अशी कोणतीही पद्धत लष्करात नाही. कार्डाचा फोटो हा पुरावा धरू नका. तो बहुतेकदा आधी फसलेल्या एखाद्या खऱ्या माणसाचा असतो.

यूपीआयबद्दल एवढं पाठ करा: पिन पैसे जाताना लागतो, येताना कधीच लागत नाही. पैसे घ्यायला क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. व्यक्तीने व्यक्तीकडे पैसे मागायची ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे, पण दुकानदाराच्या नावाने येणारी मागणी अजून चालू आहे. त्यामुळे पडद्यावर ‘पे’ लिहिलंय का, हे वाचल्याशिवाय पिन टाकू नका. ‘चुकून जास्त पाठवले, परत करा’ असा मेसेज आला तर त्या मेसेजवर विसंबू नका, बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक बघा. दहा आकडी मोबाइल नंबरवरून आलेला ‘क्रेडिटेड’ मेसेज बँकेचा नसतो.

ट्रॅक्टर, म्हैस आणि वाहतूक खर्च

जुना ट्रॅक्टर निम्म्या किमतीत, मुऱ्हा म्हशी हरियाणातून घरपोच. व्हिडिओ खरे असतात, पण दुसऱ्याच्या पानावरून उचललेले. आधी ‘बुकिंग’चे हजार-दोन हजार मागतात, मग गाडीभाडं, मग विमा, मग ‘चेकनाक्यावर गाडी अडवली’ म्हणून दंड. प्रत्येक वेळी आधीचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून माणूस पुढचे भरतो.

फोटो गुगल लेन्समध्ये टाकून तोच दुसऱ्या राज्यातल्या जाहिरातीत आहे का बघा. ट्रॅक्टरचा नोंदणी क्रमांक मागा आणि एम-परिवहन अ‍ॅपवर तपासा. मालकाचं नाव तिथे अर्धवट दिसतं, पण आद्याक्षरं, मॉडेल आणि नोंदणीचं वर्ष जुळवता येतं. व्हिडिओ कॉलवर ‘ट्रॅक्टरच्या बॉनेटवर डावा हात ठेवा’, ‘म्हशीच्या कानातला बिल्ला दाखवा’ असं ऐनवेळी सुचेल ते करायला सांगा. रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओला ते जमत नाही. आणि वस्तू समोर उभी नसताना दमडीही द्यायची नाही, समोरचा कितीही गोड बोलला तरी.

एपीके फाइल: सगळ्यात महाग चूक

ही फसवणूक सर्वात घातक, कारण इथे ओटीपी कुणाला सांगावा लागत नाही. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘लग्नपत्रिका’, ‘आरटीओ चलन’, ‘पीएम किसान यादी’ अशा नावाची फाइल येते. पाठवणारा ओळखीचाच असतो, कारण त्याचा फोन आधीच भामट्याच्या ताब्यात गेलेला असतो. फाइलच्या नावाच्या शेवटी ठिपक्यापुढे ए, पी, के ही तीन इंग्रजी अक्षरं असतील तर ती पत्रिका नाही, ते अ‍ॅप आहे. पत्रिका फोटो किंवा पीडीएफमध्ये येते. चलन परिवहनच्या सरकारी साइटवर गाडीचा नंबर टाकून बघता येतं.

हे अ‍ॅप बसताना एसएमएस वाचायची परवानगी मागतं, कधी ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ची, म्हणजे पडदा वाचायची-चालवायचीही. ती दिली की बँकेचे मेसेज परस्पर भामट्याकडे जातात. आताच सेटिंग्जमध्ये ‘इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स’ शोधा आणि व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम, फाइल मॅनेजर या सगळ्यांसमोरची परवानगी बंद करा. प्ले स्टोअरमधलं ‘प्ले प्रोटेक्ट’ चालू ठेवा. घरातल्या आई-आजोबांच्या फोनवर हे आधी करा.

चुकून इन्स्टॉल झालं तर या क्रमाने चला:

१. एअरप्लेन मोड लावा, वायफाय बंद आहे ना ते बघा, सिम काढा.
२. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून नेट बँकिंग, यूपीआय आणि कार्ड थांबवा.
३. सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्सच्या यादीतून ते अ‍ॅप काढा. ‘अनइन्स्टॉल’ फिकट दिसत असेल तर त्याने ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’चा हक्क घेतलेला असतो. सुरक्षेच्या सेटिंग्जमध्ये तो आधी काढा.
४. फोटो-कागदपत्रं बाजूला घेऊन फोन फॅक्टरी रीसेट करा. तोपर्यंत त्या फोनवर बँकेचं काहीही उघडू नका.
५. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदला.

पाचवं काम पहिल्या फोनवरच केलं तर नवा पासवर्डही चोराकडेच जातो. घाईत लोक हेच करतात.

लाडकी बहीण, सौर कृषी पंप, पीक विमा यांच्या नावाने लिंक येतात. लिंकमध्ये सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढे जी पहिली एकटी तिरकी रेघ येते, तिच्या लगेच डावीकडचे शब्द वाचा. सरकारी साइट तिथे बहुतेकदा ‘गव्ह डॉट इन’ने संपते, सौर कृषी पंपाची मात्र महावितरणच्या ‘महाडिस्कॉम डॉट इन’वर असते. ‘गव्ह’ आधी कुठेतरी टाकून शेवट ‘डॉट शॉप’ किंवा ‘डॉट एक्सवायझेड’ असेल तर साइट खोटी. बँकांच्या साइटचा शेवट आता ‘बँक डॉट इन’ असा असतो. रिझर्व्ह बँकेने त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती.

व्हॉट्सअ‍ॅपचं कुलूप

सेटिंग्ज, अकाउंट, ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’: सहा आकडी पिन टाका. ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये अनोळखी संगणक दिसला तर लॉग आउट करा. ‘यात तुझा फोटो आहे’ म्हणून लिंक येते, तिथे नंबर टाकला की एक कोड मिळतो आणि तो व्हॉट्सअ‍ॅपमध्ये भरायला सांगतात. भरलात की चोराचा संगणक तुमच्या खात्याला जोडला जातो. खातं पूर्णच गेलं असेल तर स्वतःच्या फोनवर पुन्हा नोंदणी करा. एसएमएसने आलेला कोड टाकताच चोर खात्यातून बाहेर पडतो. त्याने पिन लावून ठेवला असेल तर तुम्हाला सात दिवस थांबावं लागतं, पण तोही आत नसतो.

कुरिअरवाला म्हणून कोणी *२१* किंवा *४०१* ने सुरू होणारा नंबर डायल करायला सांगितला तर करू नका, तुमचे कॉल त्याच्याकडे वळतात. वळले असतील तर ##००२# डायल करा.

शेअर ग्रुप आणि ‘डिजिटल अटक’

शेअरच्या ग्रुपमध्ये सुरुवातीला दोन-तीन हजार खरोखर काढू देतात. मोठी रक्कम अडकली की ‘आधी कर भरा, मग पैसे निघतील’ सुरू होतं. खरा कर असा दलालाच्या खात्यात भरून घेत नाहीत. पैसे दर वेळी वेगळ्या माणसाच्या खात्यात जात असतील तर तिथेच थांबा. सेबीकडे (शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे) नोंदलेल्या दलालांच्या यूपीआय पत्त्यात ‘@व्हॅलिड’ असतं, आणि सेबीच्याच ‘सेबी चेक’ या सोयीवर पत्ता तपासता येतो.

‘डिजिटल अटक’ म्हणजे भामटा पोलीस बनून व्हिडिओ कॉलवरच तुम्हाला अटक झाल्याचं सांगतो. व्हिडिओ कॉलवर अटक होत नाही, तशी तरतूद कायद्यात नाही. नग्न व्हिडिओ पसरवण्याची धमकी आली तर एक रुपयाही पाठवू नका. एकदा दिले की मागणी थांबत नाही, उलट वाढते.

कऱ्हाड, सांगलीतल्या कॉलेजच्या पोरांनी हेही वाचावं: ‘बँक खातं भाड्याने द्या, महिना पाच हजार’ म्हणणाऱ्याला खातं दिलं तर फसवणुकीचे पैसे तिथून फिरतात आणि पोलीस पहिल्यांदा तुमच्या दारात येतात.

पैसे गेले तर

ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन लावा. लाइन व्यस्त असेल तर लावत राहा, आणि तोवर दुसऱ्याला ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’वर तक्रार भरायला बसवा. पैसे दुसऱ्या खात्यात असेपर्यंत बँक ते रोखू शकते. तिथून चार खात्यांत फुटून एटीएममधून निघाले की हाती काही लागत नाही. म्हणूनच ‘घरच्यांना काय सांगू’ या विचारात गेलेला तास सगळ्यात महागात पडतो. हाताशी ठेवा: व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक, रक्कम, तारीख-वेळ, तुमची बँक, समोरचा यूपीआय पत्ता किंवा खाते क्रमांक, त्याचा मोबाइल नंबर.

फोननंतर मिळालेला पावती क्रमांक जपा आणि पोर्टलवरची तक्रार पूर्ण करा. बँकेला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. चॅट खोडू नका. सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांत सायबर पोलीस ठाणं आहे, पण गुन्हा नोंदवायला कोणतंही पोलीस ठाणं चालतं. घटना आपल्या हद्दीतली नाही म्हणून तक्रार नाकारता येत नाही.

यानंतर काही दिवसांनी ‘तुमचे पैसे मिळवून देतो, फी आधी भरा’ म्हणणारा फोन येऊ शकतो. फसलेल्यांचे नंबर भामट्यांकडे असतातच. रोखलेले पैसे परत देण्यासाठी पोलीस किंवा बँक फोनवर फी मागत नाही. हा नंबरही त्याच तक्रारीत जोडा.