मायनर नाइन वाजवताना या चुका टाळा

गिटारवर बार कॉर्ड (एकाच बोटाने अनेक तारा दाबून धरायच्या कॉर्ड) जमल्या, मायनर सेव्हन हातात बसली, आणि तिच्यात वरचा रे मिळवून होणाऱ्या मायनर नाइनला मात्र गाडी अडली, असं बऱ्याच जणांचं होतं. मग बोटांत जोर नाही म्हणून तासन् तास तारा दाबत बसतात. या कॉर्डला जोर फारसा लागतच नाही.

सी मायनर नाइन घ्या. सगळ्यात बारीक तार पहिली, सगळ्यात जाड सहावी; मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट. मधलं बोट पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, तर्जनी चौथ्या तारेवर पहिल्या फ्रेटला, अनामिका तिसऱ्या आणि करंगळी दुसऱ्या तारेवर, दोन्ही तिसऱ्या फ्रेटला. पहिली आणि सहावी तार वाजवायची नाही. सरगमीत सांगायचं तर सा, कोमल ग, कोमल नी आणि वरचा रे. पंचम मुद्दाम गाळलाय. त्याच्यावाचून इथे काही अडत नाही. कोमल नी नसेल तर मात्र ती मायनर ॲड नाइन होते, वेगळी कॉर्ड. चार्ट बघताना हा घोळ हमखास होतो.

शिकायची सुरुवात मात्र सीपासून करू नका. ६४८ मिमी स्केलच्या (म्हणजे मोकळ्या तारेची लांबी तेवढी असलेल्या) गिटारवर पहिल्या ते तिसऱ्या फ्रेटमधलं अंतर साधारण ६७ मिमी असतं, पाचव्या ते सातव्यातलं ५३. म्हणून हाच आकार चार फ्रेट वर, म्हणजे गिटारच्या पेटीकडे, सरकवून ई मायनर नाइन आधी बसवा आणि तिथून एकेक फ्रेट खाली या.

खाली येता येता सगळ्यात जास्त फसवते ती तर्जनी. ताण नको म्हणून ती गुपचूप एक फ्रेट पुढे सरकते, कोमल गचा शुद्ध ग होतो आणि सी मायनर नाइनच्या जागी सी नाइन वाजते. पंचाईत अशी की सी नाइन ऐकायला छानच लागते, त्यामुळे चुकलंय हे कानाला कळतच नाही. कॉर्ड धरल्यावर आधी फक्त पाचवी आणि चौथी तार छेडा. सा आणि कोमल ग ऐकू आले तरच पुढे जा.

बोटं बरोबर असूनही कॉर्ड बेसूर लागत असेल तर कडेच्या तारा तपासा. पहिली आणि सहावी, दोन्ही मोकळ्या वाजल्या तर ई देतात. ई मायनर नाइनमध्ये तोच सा, म्हणून वर सराव करताना ही चूक झाकली जाते. सीवर आलात की तोच ई शुद्ध ग होऊन कोमल गला भिडतो. मधल्या बोटाचं टोक सहाव्या तारेला हलकं टेकू द्या. पहिलीसाठी करंगळी थोडी आडवी करा, किंवा अनामिकेनेच खालच्या तिन्ही तारा तिसऱ्या फ्रेटला दाबा; मग पहिलीवर पंचम येतो आणि ती बिनधास्त वाजवता येते. मला विचाराल तर पिक (तारा छेडायची चकती) बाजूला ठेवा आणि अंगठा व तीन बोटांनी चारच तारा छेडा. नाइन्थचा रंग असाच नीट ऐकू येतो.

चौथी तार ठप्प वाजते? बहुतेक वेळा मधलं बोट आडवं पडून तिला टेकलेलं असतं. अंगठा मानेवरून डोकावत असेल तर मागे, मधल्या बोटाच्या समोर घ्या. बोट आपोआप उभं राहतं. फक्त पहिल्या-दुसऱ्या फ्रेटलाच दाबायला जड जात असेल तर नट (मानेच्या टोकाची, तारा बसवायच्या खाचांची पट्टी) उंच असू शकतो. गिटार दुरुस्तीवाल्याला दाखवा.

कॉर्ड बदलताना सगळी बोटं उचलायची सवयही सोडा. डी मायनर नाइनवरून जी थर्टीन या कॉर्डला जाताना तर्जनी चौथ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला आणि करंगळी दुसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला, दोन्ही होती तिथेच राहतात. मधलं बोट पाचव्या तारेवरून सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटला जातं, अनामिका तिसऱ्याच तारेवर एक फ्रेट मागे सरकते. आधी हे दोनच बोटांचं हलणं संथ लयीत पक्कं करा.