विनोदी लिहिताय ना? मग आयडिया तोंडी सांगत फिरू नका

कॉलेजात एकांकिका केल्यात, स्किट्स लिहिलीत, आता टीव्ही-सिनेमासाठी लिहायचंय, अशांसाठी हे लिहितेय. कथा, पटकथा, संवाद ही वेगवेगळी कामं असतात वगैरे तुम्हाला माहितीच असेल, त्यात शिरत नाही.

मेन गोष्ट म्हणजे नुसतं तोंडी नरेशन देऊ नका. एका प्रॉडक्शन हाऊसच्या ऑफिसात मी अख्खी गोष्ट सांगितली होती, पाण्याच्या टँकरवरून सोसायटीतल्या दोन विंग्ज भांडतात आणि त्याच दिवशी चेअरमनच्या मुलीचं लग्न असतं. सगळे पोट धरून हसले, चहा पाजला, "कळवतो" म्हणाले. पुढे तोच टँकर आणि तेच लग्न टीव्हीवर दिसलं, नाव दुसऱ्याचं. वकिलाचा पहिला प्रश्न, लिहिलेलं काय आहे? काहीच नव्हतं. अजूनही आठवलं की झोप उडते.

नीट समजून घ्या, १९५७ चा कॉपीराइट कायदा नुसत्या कल्पनेला संरक्षण देत नाही, ती ज्या शब्दांत, ज्या सीन्समध्ये मांडली त्याला देतो. "टँकरवरून भांडण" कुणाचंच नाही, पण टँकरवाला भलत्याच विंगच्या टाकीत पाइप सोडतो आणि मेंदी लागलेली नवरी गॅलरीतून ओरडते, हा संवादांसकट लिहिलेला सीन तुमचा. त्यामुळे आधी सीन्स लिहा, स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे मेंबर होऊन रजिस्टर करा (ऑनलाइन होतं), मग नरेशन द्या आणि त्याच दिवशी स्क्रिप्ट जोडून मेल टाका. रजिस्ट्रेशनने मालकी मिळत नाही, अमुक तारखेला हे तुमच्याकडे होतं याचा पुरावा मिळतो, आणि ऐनवेळी तोच लागतो.

"शिकायला मिळेल" म्हणत फुकट एपिसोड लिहून घेणारे गुरू असतात, त्यांच्यापासून लांबच राहा. नाव लागणार का हे पहिल्याच दिवशी विचारा, राग आला तर येऊ दे.

दोन दिवसांच्या वर्कशॉपवर पैसे घालवण्यापेक्षा पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या, म्हणजे कॉलेजांच्या स्पर्धेतल्या, एकांकिका बघा असं माझं स्पष्ट मत आहे. स्वतःच्या कॉलेजची पोरं प्रत्येक वाक्याला हसतात, ते सोडून द्या, बाकीचं थिएटर कुठे हसतं तिकडे कान ठेवा.

आणि घाबरू नका हो, चांगलं विनोदी लिहिणारे कायम कमीच असतात, काम मिळतं. फक्त करारात स्क्रिप्टचे हक्क किती काळासाठी देताय ते वाचा. करारात काळ लिहिलाच नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो, म्हणून तिथे "कायमस्वरूपी" टाकलेलं असतं. सही करायच्या आधी त्यावर बोला.