टँडम सायकल: नव्या जोडीने या चुका टाळा

नाशिकच्या गंगापूर रोडला पहाटे टँडम, म्हणजे दोघांनी मिळून चालवायची सायकल, काढली आणि सोमेश्वर यायच्या आत आमचं दोनदा वाजलं. पुढे नवरा, मागे मी. पुढच्याला कॅप्टन म्हणतात आणि मागच्याला स्टोकर, म्हणजे वाफेच्या इंजिनात कोळसा ओतणारा. नाव ऐकूनच माझा पारा चढला होता.

पहिली गडबड निघतानाच झाली. आम्ही दोघं एकदम चढलो आणि आडवे झालो. रीत अशी आहे: कॅप्टनने सायकलवर पाय फाकवून उभं राहायचं आणि दोन्ही ब्रेक घट्ट धरायचे. मग स्टोकरने बसून दोन्ही पाय पेडलवर ठेवायचे आणि कॅप्टनचं पेडल उलटं फिरवून वर आणून द्यायचं. पाय पुरेसे फाकले नाहीत तर पेडल नडगीवर बसतं, हे घरच्यांना आता पाठ आहे. सिग्नलला पाय टेकवायचा तो फक्त कॅप्टनने. मागचा बसूनच राहतो.

खरी कुरबूर मात्र न बोलण्यातून होते. मागून मला दिसते ती फक्त घामाने भिजलेली पाठ. गतिरोधक आला, याने मुकाट्याने पेडल थांबवलं, तर दोघांचे क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे, डावीकडच्या साखळीने जोडलेले असल्याने माझेही पाय जागच्या जागी अडकतात आणि कंबरेला हिसका बसतो तो वेगळाच. म्हणून 'खड्डा', 'थांबतोय', 'गिअर' हे तीन शब्द आधी ओरडायचे. 'गिअर' म्हटल्यावर दोघांनी जोर हलका करायचा, नाहीतर साखळी करकरते. मागच्यानेही आगाऊपणा करू नये. मी एकदा न सांगता बाटली काढायला वाकले, तर सायकल थेट दुभाजकाकडे निघाली.

ही डावीकडची साखळी सैल पडली तर उतरते. सगळ्यात ताठ जागी मधोमध दाबून पाहा, साधारण अर्धा इंच हलली की ठीक. परत बसवताना दोघांची पेडलं एकाच रेषेत आहेत ना, ते आधी बघा. आमची एकदा वाकडी बसली आणि घरापर्यंत दोघांचे पाय वेगवेगळ्या तालात.

बूड दुखतं ही तक्रार सगळ्यांचीच. एकट्या सायकलवर माणूस नकळत उठतो, इथे कोणीच उठत नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी सांगून, पेडल थांबवून, दोघांनी उभं राहावं.

नाशिकचे महाजन बंधू 2015 साली दोघांचा संघ करून अमेरिका आडवी पार करून आले, पण आळीपाळीने, आपापल्या सायकलवर. शहाणे!

त्र्यंबकला जाताना चढावर एकटे सायकलवाले आम्हाला मागे टाकतात, तेव्हा ईर्ष्येने जोर लावू नका, लहान गिअर घ्या. परतीच्या उतारावर दोघांच्या वजनाने टँडम सुसाट सुटते. ब्रेक सतत दाबून ठेवला तर रिम तापते, म्हणून थोडा दाबा, सोडा, पुन्हा दाबा. आणि तिथे मागून 'हळू!' म्हणायचा हक्क माझा, हे आम्ही घरीच ठरवून घेतलंय.