‘पोलिसिया’ म्हणजे पोलीस नव्हे

अठराव्या शतकातल्या मेक्सिकोचा, म्हणजे तेव्हाच्या ‘नव्या स्पेन’चा, स्थानिक कारभार हा विषय मी एम.ए.ला घेतला आणि पहिल्याच प्रकरणात आपटलो. 1786च्या सुधारणा-फर्मानात इन्तेन्देन्ते या नव्या प्रांताधिकाऱ्याकडे चार खाती दिली होती: न्याय, खजिना, युद्ध आणि ‘पोलिसिया’. मी सरळ ‘पोलीस’ लिहिलं. मार्गदर्शक बाईंनी दोन पानं लाल केली. त्या काळी या शब्दात रस्ते, पाणी, बाजार, साफसफाई असं सगळं यायचं. ‘वेसिनो’चंही तेच, शेजारी नव्हे, नगरात हक्काने नांदणारा कुटुंबप्रमुख. म्हणून हा विषय घेणार असाल, तर पहिले दोन महिने नुसत्या शब्दांना द्या.

काबिल्दो म्हणजे नगरसभा. तिच्यातल्या रेहिदोरांच्या, म्हणजे सभासदांच्या, जागा स्पेनचा राजा विकायचा, आणि 1606पासून खजिन्यात ठरावीक रक्कम भरून त्या दुसऱ्याच्या नावेही करता यायच्या. आपल्याला लगेच ‘वतन’ आठवतं. समजून घ्यायला ठीक, पण प्रबंधात लिहू नका. परीक्षक तिथेच धरतात.

माझी मोठी चूक वेगळीच. राजाचा तपासनीस होसे दे गाल्वेसने 1765 ते 1771 मेक्सिकोची तपासणी केली, पुढे तो मंत्री झाला, आणि 306 कलमांचं ते फर्मान निघालं. जुने जिल्हाधिकारी व्यापाऱ्यांच्या भांडवलावर आदिवासी गावांच्या गळ्यात खेचरं, कापड उधारीने मारत. फर्मानाने त्यावर बंदी घातली. वाचून मी भारावलो, अख्खं प्रकरण कौतुकात गेलं. जुन्या जिल्हाधिकाऱ्यांच्या जागी आलेल्या सुबदेलेगादोंना पगार किती, ते पाहिलंच नव्हतं: गोळा केलेल्या खंडणीचे 5 टक्के, बस्स! एवढ्यात भागेना, मग अनेकांनी जुनाच धंदा धरला. हे कळतं तक्रारअर्जांतून. कलम वाचलं की त्याच जिल्ह्याचे अर्ज शोधायचे, ही सवय मला फार उशिरा लागली.

जुन्या स्पॅनिश कागदांतल्या लिपीचं भय बाळगू नका. अठराव्या शतकापासून सुरुवात करा, अक्षर बरंच सुवाच्य असतं. त्याआधीचं ‘प्रोसेसाल’ वळण लेखणी न उचलता लिहिलेलं. मोडी वाचलेल्याला त्याची धास्ती कमी वाटते. स्पेनमधल्या सेव्हिलच्या इंडीज (म्हणजे स्पेनच्या समुद्रापारच्या वसाहती) अभिलेखागारातली (स्थापना 1785) पुष्कळ कागदपत्रं ‘पारेस’ या सरकारी पोर्टलवर फुकट दिसतात. माझं पहिलं वर्ष घरबसल्याच निभावलं.

आणि पत्र उघडलं की आधी शेवट पाहा. ‘देव आपणास उदंड आयुष्य देवो’ अशा अर्थाच्या ठरीव ओळीनंतर गाव, तारीख, सही असते, खाली बहुधा ज्याला लिहिलं त्याचं नाव. कोण कुणाला लिहितोय ते कळलं, की मग पहिल्या ओळीकडे या.