रोमँटसीचा दुसरा भाग हातात घेताना

रोमँटसी म्हणजे प्रेमकथा आणि अद्भुतकथा यांची सरमिसळ. अशा मालिकेचा पहिला भाग दोन रात्रींत संपतो आणि दुसरा दीडशेव्या पानावर पालथा पडून राहतो, ही तक्रार नेहमीची. त्याचं कारण साधं आहे. पहिल्या भागात आपल्याला जे कळतं ते फक्त नायिकेला कळलेलं असतं, आणि दुसरा भाग त्याच माहितीची उलटतपासणी घेतो. कोण कोणाशी खोटं बोललं, कोणत्या करारात कुठली अट दडली होती, हे आठवत नसेल तर पानं नुसती सरकत राहतात.

विकत घेण्याआधी मालिकेचा क्रम पाहा. काही मालिकांत दीड क्रमांकाची लघुकादंबरी असते. ती पहिल्यानंतरच वाचायची. तिसरा भाग आला आहे का, हेही बघून ठेवा, कारण दुसरा भाग बहुधा ऐन कड्यावर सोडतो. अशाच एका मालिकेतलं पहिलं पुस्तक ‘फोर्थ विंग’ मे २०२३ मध्ये आलं आणि ‘आयर्न फ्लेम’ त्याच नोव्हेंबरात. पण तिसरं ‘ओनिक्स स्टॉर्म’ यायला जानेवारी २०२५ उजाडलं. एवढा वेळ लटकायची तयारी नसेल तर दुसरा भाग थोडा उशिरा सुरू केलेला बरा.

नागपुरात बर्डीच्या फुटपाथवर स्वस्तात मिळणारी जाड प्रत घेताना तीन गोष्टी तपासा. सुरुवातीचा नकाशा आहे का, पानामागचा मजकूर आरपार दिसतो का, आणि पानांचे आकडे सलग आहेत का. पुस्तक १६ किंवा ३२ पानांच्या फॉर्मांनी बनतं, त्यामुळे गहाळ होतो तो अख्खा फॉर्म, आणि नेमका मधला. नकली प्रतीत हे जास्त होतं. अंगठ्याने भराभर पानं सोडत फक्त खालचे आकडे पाहिले तरी दोन मिनिटांत समजतं.

उजळणीसाठी पहिला भाग पूर्ण वाचायची गरज नाही. शेवटची तीन प्रकरणं, शपथ किंवा सौदा होतो ते प्रकरण आणि नकाशा, एवढं पुरतं. साधारण साठ पानं. चाहत्यांच्या विकी पानांवर मात्र जाऊ नका. पात्राचं नाव उघडलं की बाजूच्या चौकटीत ‘स्थिती: मृत’ किंवा जोडीदाराचं नाव पहिल्याच ओळीत असतं. गुगलच्या शोधचौकटीत नुसतं नाव टाकलं तरी पुढचे शब्द आपोआप येऊन घात करतात.

आता चिठ्ठी. पोस्टकार्डाएवढा जाड कागद घ्या, खूण म्हणूनही तोच वापरा. एका बाजूला ‘कोणी कोणाला काय कबूल केलं’, दुसऱ्या बाजूला ‘कोणतं गुपित कोणाला ठाऊक आहे’. नावं देवनागरीत लिहा. एकदा उच्चार ठरला की सारख्या आद्याक्षरांच्या पात्रांचा घोळ होत नाही. इंग्रजीत ‘कझिन’ असेल तिथे चुलतभाऊ की मामेभाऊ हे संदर्भावरून शोधून टिपून ठेवा. गादी बापाकडून चालत असेल तर पुढचं कारस्थान या एका शब्दावर फिरू शकतं.

आणखी एक जागा मराठी वाचकाकडून हमखास निसटते. आपल्याकडे ‘अहो’चं ‘अरे’ झालं की नातं कुठवर आलं ते कानाला कळतं. इंग्रजीत सगळीकडे ‘यू’. तिथे संबोधनावर नजर ठेवा: आधी पदवी, मग आडनाव, मग पहिलं नाव, मग लाडाचं नाव. भांडणानंतर नायक एकदम पदवीवर परतला तर समजा, दार लागलं. दुसऱ्या भागात हे उतरणं-चढणं फार, कारण जुळलेली जोडी लेखकाला काहीतरी करून तोडावीच लागते: दुरावा, लपवलेली गोष्ट, नाहीतर तिसरं कोणी. पहिल्या भागातल्या नायकाशी इमान राखून वाचणाऱ्यांचे इथेच हाल होतात. राग आला तर येऊ द्या, पण दोनशे पानांपर्यंत निकाल देऊ नका. प्रकरणाच्या डोक्यावरची पत्रं किंवा नियमांचे उतारेही गाळू नका. पुढचे धागेदोरे कधीकधी त्यांतच असतात. लेखकाने घडवलेले शब्द मात्र कोशात शोधत बसायचं काऊन? तीनदा आले की अर्थ लागतो.

वेगाचं गणित: पानाला दोन मिनिटं धरली तर ६०० पानांना २० तास. वाचनालयाची मुदत १५ दिवस असेल तर रोज ४० पानं. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक मेट्रोने रोज ये-जा करणाऱ्याला हे जड नाही. मोबाइलवर वाचत असाल तर नकाशाचा स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा. शृंगाराची प्रकरणं मोकळीढाकळी असू शकतात, तेव्हा शेजारी कोण बसलंय तेवढं पाहा.

उन्हाळ्यात पुस्तकालाही जपावं लागतं. मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवलं तर कण्याचा गोंद मऊ पडतो आणि पानांचा गठ्ठा सुटून हातात येतो. कूलरच्या झोतात ठेवलं तर दमटपणाने पानं लाटांसारखी होतात. तसं झालंच तर पुस्तक आडवं ठेवून वर दोन जड पुस्तकं रात्रभर ठेवा. नवी जाड प्रत पहिल्यांदा मधोमध फाकवू नका. कण्यावर उभी धरून थोडी पानं पुढून, थोडी मागून, अशी आळीपाळीने दाबत मध्यापर्यंत या.

शेवटी बऱ्याचदा तिसऱ्या भागाचं पहिलं प्रकरण जोडलेलं असतं. उजव्या हाताला वीस-पंचवीस पानं शिल्लक दिसतात म्हणून निर्धास्त राहाल, तर शेवट अचानक अंगावर येईल. तिसरा भाग घरात नसेल तर ती पानं वाचूच नका. चिठ्ठी तिथेच खोचून पुस्तक मिटा.