कणकुंबी ते अथणी: घरच्या घरी पाऊस मोजा

११.३ सेंमी व्यासाचं नरसाळं घ्या. त्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ १०० चौ. सेंमी भरतं, म्हणून खालच्या बाटलीत साठलेलं दर १० मिली पाणी म्हणजे १ मिमी पाऊस. औषधाच्या मापाने मोजलं तरी चालतं.

नरसाळ्याचं तोंड सपाट आणि जमिनीपासून ३० सेंमी उंच हवं. झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवा. फणसाखाली ठेवलंत तर पानांवरून ठिबकणारं पाणी मोजाल, पाऊस नव्हे! फरशीवर ठेवलं की शिंतोडे आत उडतात, आकडा फुगतो. नोंद रोज सकाळी साडेआठला, हवामान खात्याची वेळ तीच.

लिटरची बाटली १०० मिमीला भरते. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या घाटमाथ्यावर, कणकुंबीकडे, ती एका दिवसात ओसंडू शकते. तिथे पाच लिटरचा कॅन लावा.

त्याच जिल्ह्यात पूर्वेकडच्या अथणीत मात्र बाटली अनेकदा कोरडीच. अरबी समुद्रावरची ओली हवा सह्याद्री चढताना थंड होते, बाष्पाचे थेंब होऊन घाटातच कोसळतात. पूर्वेला उतरताना तीच हवा दाबली जाऊन तापते, ढग विरतात. दोन्हीकडच्या नोंदी जुलैभर शेजारीशेजारी मांडा.