रोझरी हाताने बनवताना या चुका टाळा

वसई, मुंबई किंवा गोव्यातील ख्रिस्ती घरांत रोझरी, म्हणजे माळेचे मणी मोजत करायची मरियेची जपप्रार्थना, बहुधा डोळे मिटून म्हटली जाते. त्यामुळे हाताने बनवलेली माळ दिसायला किती देखणी आहे, यापेक्षा ती बोटांना कशी लागते हे आधी पाहावे. नवख्या कारागिराच्या बहुतेक चुका ही गोष्ट ध्यानात न ठेवल्यामुळेच होतात.

सुरुवात मोजणीपासून करू. पाच रहस्यांच्या (येशू व मरिया यांच्या जीवनातील मनन करायच्या प्रसंगांच्या) माळेत ५९ मणी असतात: ५३ ‘नमो मरिया’ या प्रार्थनेचे आणि ६ प्रभूच्या प्रार्थनेचे. दहा मण्यांचे गट पाच आहेत म्हणून गोलात सुटे (प्रभूच्या प्रार्थनेचे एकेकटे) मणीही पाच घालायचे, असा अनेकांचा समज होतो. वास्तविक गोलात दहा-दहाचे पाच गट आणि त्यांच्या मधोमध चार सुटे मणी, असे ५४ मणीच बसतात. पहिल्या रहस्याच्या वेळची प्रभूची प्रार्थना पदकाखाली (गोलाची दोन टोके जिथे जुळतात त्या पदकाखाली) लोंबणाऱ्या भागातल्या, पदकालगतच्या मण्यावर म्हटली जाते. त्या भागात क्रूसाकडून वर येताना एक, तीन आणि पुन्हा एक असे पाच मणी येतात. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ साली प्रकाशाची रहस्ये हा पाच रहस्यांचा नवा संच सुचवला तेव्हा एकूण रहस्ये १५ वरून २० झाली. परंतु एका वेळी पाचच रहस्ये म्हटली जात असल्याने माळेत काही वाढवावे लागत नाही.

तारेची माळ तुटते ती बहुतेक वेळा कडीपाशी, तारेत नव्हे. मण्यातून ०.८ मिमी जाडीची पितळी तार ओवल्यावर ती मण्याच्या तोंडाशी काटकोनात वाकवावी, सुमारे ९ ते १० मिमी ठेवून कापावी आणि गोल तोंडाच्या पकडीने टोकाकडून वळवत आणून तिची कडी करावी. टोक मण्याला पूर्ण टेकले नाही तर केसाएवढी फट राहते. आज ती जाणवत नाही, पण पुढे साखळीची बारीक कडी तिच्यातून निसटते आणि ओढल्यावर माळ सुटते. कड्या लहानमोठ्या होत असतील तर पकडीच्या तोंडावर शाईने एक खूण करून दर वेळी तार तिथेच धरावी. कडी उघडताना तिची टोके दोन बाजूंना फाकवू नयेत, कारण मग तिचा गोलाकार पुन्हा जमत नाही. एक टोक पुढे आणि दुसरे मागे असे मुरडून उघडावे व तसेच उलट मुरडून बंद करावे. वारंवार वाकवलेले पितळ कडक होऊन तडकते. म्हणून दोन-तीनदा उघडलेली कडी पुन्हा दाबत बसण्यापेक्षा त्या मण्याची तार नवी घालणे बरे.

माळ पिळा घेत असेल आणि पदक सतत उलटे होत असेल, तर एकाच मण्याच्या दोन टोकांच्या कड्या एका पातळीत नाहीत असे समजावे. पदक व क्रूस यांच्या दर्शनी बाजू एकाच दिशेला आहेत ना, हे शेवटची कडी बंद करण्यापूर्वीच पाहावे. नंतर अख्खी जोडणी उसवावी लागते. सुट्या मण्याच्या दोन्ही बाजूंना साखळीच्या दोन-तीन कड्या जास्त ठेवाव्यात. तेवढ्या अंतरामुळेच दहा मणी संपल्याचे बोटांना कळते, आणि केवळ मण्याचा रंग बदलून हे साधत नाही.

दोरीची माळ करणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न म्हणजे गाठ मण्यात शिरणे. लाकडी मण्यांची भोके पुष्कळदा मोठी असतात, त्यामुळे दोरीचे तीन वेढे घेतलेली गाठ आधी एका न ओवलेल्या मण्यावर अडकते का ते पाहावे. गाठ हवी तिथे बसत नसेल तर ती सैल असतानाच तिच्यात जाड सुई घालून मण्याजवळ सरकवावी आणि मगच आवळावी. गटातले मणी गच्च बसवू नयेत. एखाद्या मण्याइतकी मोकळी जागा राहिली तर म्हटलेला मणी पुढे सरकवता येतो. नायलॉनचे टोक आचेने वितळवून बंद करता येते, सुती दोऱ्याचे मात्र जळते.

कोकणच्या दमट हवेत आणि घामाने पितळ हिरवट पडते, म्हणून रोजच्या वापराच्या माळेला स्टेनलेस स्टीलची तार घ्यावी, जरी ती वळवताना मनगट दुखत असले तरी. रंग दिलेले मणी ओल्या पांढऱ्या फडक्यावर आधी घासून पाहावेत.

आणखी एक गोष्ट विकणाऱ्यांसाठी. चर्चच्या नियमानुसार आशीर्वादित वस्तू विकली गेली की तिच्याशी जोडलेली दंडमुक्ती (पापाबद्दलच्या शिक्षेतून चर्च देते ती सूट) संपते. त्यामुळे माळ धर्मगुरूंकडून आधी आशीर्वादित करून मग विक्रीस ठेवू नये. ती घेणाऱ्याने आपल्या पॅरिशमध्ये (स्थानिक चर्चमध्ये) नेऊन आशीर्वादित करून घ्यावी.